हुकूम वापस

सुभेदार खिल्लारे यांना मी आयुष्यात एकदाच हुकूम सोडला, आणि तो कांदे चिरण्याचा होता. त्यांनी टाच आपटून "जी साब" म्हटलं, भर रस्त्यात मांडी ठोकली आणि डोळ्यांतून टिपूसही न काढता पाटीभर कांदे चिरून दिले. त्यांची पलटणीची टोपी त्या वेळी माझ्या डोक्यावर होती. ती मला मोठी होत होती, सारखी कानांवर येत होती, आणि समोर साठीच्या घरातला, छातीवर पदकांच्या पट्ट्या लावलेला माणूस माझ्यासाठी कांदे चिरत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा गुन्हा एवढाच की कॉलनीत मी सगळ्यात शेवटी राहायला आलो होतो.

खिल्लारे ज्या पलटणीत होते तिची एक रीत होती. पलटण उभी राहिली त्या तारखेला दरवर्षी अफसर लोक स्वतः चहाच्या किटल्या घेऊन बराकीत जात आणि जवानांना अंथरुणात चहा देत. मग सगळ्यात नवा रंगरूट कोण ते पाहून कर्नलसाहेबांची टोपी त्याच्या डोक्यावर चढवायची. त्या दिवशीचा बडाखाना उरकेपर्यंत, म्हणजे लहानथोर सगळी पलटण एका पंगतीत जेवून उठेपर्यंत, तोच कर्नल. कर्नलसाहेबांनी बेडूकउड्या मारायच्या, मेजरने खेचरांना खरारा करायचा. शेवटी रंगरूटाने उभं राहून "सब हुकूम वापस" म्हणायचं, टोपी परत द्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा शिव्या खायच्या. ज्याने हुकूम दिला त्याने 'वापस' म्हटल्याशिवाय तो संपत नाही, हा त्यातला नियम. तो सांगताना खिल्लारे न चुकता बोट वर करत. आम्हाला वाटे, फौजी माणूस, याला नियमाशिवाय हसताही येत नाही.

निवृत्त होऊन त्यांनी प्लॉट घेतला तो बीड बायपासच्या पलीकडे, आमच्या कॉलनीत. कॉलनी म्हणजे काय, ज्वारीच्या रानात चुन्याने आखलेल्या रेघा. क्रांती चौकात रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तर तो आधी आपल्याकडे आणि मग आभाळाकडे पाही. नळ येणार, रस्ता येणार, या भरवशावर आम्ही घरं बांधली होती. शहर आमच्याकडे सरकत होतं, पण नुसतं सिमेंट घेऊन. पाणी मागेच राहिलं होतं. मी पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन. दिवसभर ऑफिसात कालव्यांच्या निळ्या रेघा ओढायच्या आणि घरी येऊन टँकरची वाट पाहायची, असा माझा संसार होता.

अशा जागी होळीच्या आगेमागे त्यांनी पलटणीची रीत सुरू केली. नवं बिऱ्हाड येतच होतं, त्यामुळे रंगरूटांना तोटा नव्हता. माझ्यानंतरच्या वर्षी शेख भाभी आल्या. त्यांनी टोपी ओढणीवर घट्ट बसवली आणि सोसायटीचे सेक्रेटरी बोरगावकर यांना हुकूम दिला, "सेक्रेटरी साब, आज पूरा दिन बायकोकू 'अहो' बोलना." बोरगावकर गोरेमोरे झाले. पण खिल्लारे मागे उभे होते. बोरगावकरांनी दिवसभर "अहो, अहो" म्हणून घसा कोरडा केला आणि त्यांच्या बायकोने एकदाही ओ दिली नाही. इतकं हसलेली कॉलनी मी त्यानंतर पाहिली नाही.

खिल्लारे मूळचे फर्दापूरच्या अलीकडच्या एका खेड्यातले. त्यांचं आडनाव ऐकून लोक गाव विचारत, आणि गाव ऐकून पुन्हा आडनाव. त्यांना ते कळे. "वस्ती गावाच्या कोन्या अंगाला होती तेबी सांगू का?" असं ते हसून विचारत, आणि विचारणारा घाईने हवापाण्यावर येई. माणसांना ते नावाने हाकच मारत नसत. बोरगावकर म्हणजे क्वार्टरमास्टर, मी ड्राफ्समनसाहेब. टँकरवाल्यालासुद्धा "ड्रायव्हरसाब" म्हणत आणि त्याच्या हातात पाण्याआधी चहा ठेवत. दाढी एका पेल्यात उरकत आणि तो पेला कढीपत्त्याच्या मुळाशी ओतत. "फौजेत दोनच गोष्टी खऱ्या. भूक आन् हुकूम. बाकी समदं भाषण," हे त्यांचं आवडतं वाक्य. घरी फक्त ते आणि वहिनी. मुलगी लग्न करून दिलेली, दूर नागपूरकडे.

आणखी एक सवय होती. रोज रात्री ते हातात टॉर्च आणि काठी घेऊन कॉलनीला फेऱ्या मारत. काठीचा ठक ठक आवाज आला की आम्ही कूस बदलून निर्धास्त झोपत असू. फुकटचा गुरखा मिळालाय, असं बोरगावकर म्हणत. कुणी विचारलं तर खिल्लारे म्हणत, "ड्यूटी हाय." म्हाताऱ्याला झोप येत नसेल, असं आम्ही आमच्यापुरतं ठरवून टाकलं होतं. पावसाळ्यात एकदा ताप अंगात फणफणत असताना ते रेनकोट चढवून निघाले, तेव्हा वहिनी दारात उभ्या राहून नुसत्या पाहत राहिल्या. अडवलं नाही. मला तेव्हा त्या बाईचाच राग आला होता.

मी लासूर स्टेशनचा आहे हे कळलं त्या दिवशी मात्र ते थोडे वेगळे वागले. "लासूरचे? खास लासूरचे?" असं दोनदा विचारलं, आणि मग विषय सोडून दिला. इतक्या बोलक्या माणसाने पुढे काहीच का विचारलं नाही, याचं मला नवल वाटलं.

मग दुष्काळ आला. एक वर्ष पाऊस रुसला तर माणूस देवाला नावं ठेवतो. लागोपाठ दुसरं वर्ष तसं गेलं की शेजाऱ्याला ठेवायला लागतो. धरणाचा तळ उघडा पडला, बोअर धूळ फेकू लागले. टँकर एक दिवसाआड यायचा तो तीन दिवसांनी येऊ लागला. घरागणिक ड्रम ठरले. पूर्वी वाटीत भाजी घालून एकमेकींकडे जाणाऱ्या बायका आता ड्रमच्या झाकणांना कुलपं घालू लागल्या. आमच्याही ड्रमला होतं.

त्याच वर्षी कॉलनीच्या टोकाला एक चार मजली इमारत उठत होती, आणि तिच्या राखणीला सुमन आणि तिचा नवरा आले. गंगापूरकडच्या गावात प्यायला पाणी उरलं नाही म्हणून निघालेली माणसं. सिमेंटच्या गोण्यांच्या आडोशाला चूल, कडेवर वर्षाचं पोर. बिल्डरचा टँकर येई तो भिंतींवर मारायला. कुठल्या तरी खदानीतलं हिरवट पाणी. भिंतीला ते चालतं. पोर ते प्यायलं आणि त्याला हगवण लागली. दवाखान्यातून परत आणलं तेव्हा त्याची मान धरवत नव्हती, आणि डॉक्टरने सांगितलं होतं, पुन्हा असं पाणी पाजलं तर आणू नका. सुमन दुपारी घरोघर तांब्या घेऊन येई. कुणी भरून देत असे, कुणी दार लावत असे.

पलटणीचा दिवस आला. या वर्षी नको, असं बोरगावकरांचं म्हणणं होतं. खिल्लारेंनी ऐकलं नाही. सकाळी आम्ही जमलो तर ते टोपी घेऊन सरळ इमारतीकडे चालू लागले.

बोरगावकर म्हणाले, "सुभेदार, ती माणसं सोसायटीची मेंबर नाहीत."

"रंगरूट म्हंजे सगळ्यात शेवटी आलेला. मेंबर आसंल का नसंल, ते कर्नलबी नाय इचारत."

सुमनला खुर्चीवर बसवलं. पदरावर टोपी. तिला वाटलं, हे लोक आपली थट्टा करायला आलेत, आणि तिचं फारसं चुकत नव्हतं. खिल्लारेंनी तिला सगळं समजावून सांगितलं. ती पोराला मांडीवर घट्ट धरून ऐकत होती.

"म्या सांगंल ते करनार?"

"जी साब."

"मग तुमच्या टँकरचं पानी आमालाबी द्या. रोज घागरभर. पोरापुरतं."

कुणी हसलं नाही. बोरगावकर घसा खाकरून म्हणाले, "बाई, हा खेळ आहे. नाचायला सांगा, गायला सांगा." शेवटी खिल्लारेंनी आपल्या घरून घागर आणून दिली आणि कशीबशी पंगत झाली. उठताना बोरगावकरांनीच घाई केली. "हं, आता म्हणा, सगळे हुकूम वापस."

सुमनने विचारलं, "वापस म्हनलं तर पानी बंद व्हनार ना?"

"अहो, म्हणजे काय, खेळ संपला."

"मग नाय म्हनत."

तिने टोपी काढली, खुर्चीवर ठेवली आणि पोराला घेऊन निघून गेली. दोघं-चौघं हसले. बाई पोचलेली आहे, असंही कुणी म्हणालं. मी खिल्लारेंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा साफ उतरला होता. ते खुर्चीपाशी ताठ उभे होते आणि त्या रिकाम्या खुर्चीला त्यांनी अगदी हळू आवाजात "जी साब" म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून ते पाणी पोचवू लागले. सोसायटीच्या पाण्यातून द्यायला बोरगावकरांनी चक्क नकार दिला, म्हणून आपल्या ड्रममधून. दोन कॅन, एक सायकल, आणि टोकापर्यंतचा तो खडीचा चढ. सुमनचा नवरा न्यायला आला तर त्याला परत पाठवलं. "हुकूम मला हाय, तुला नाय." घागरीचे दोन कॅन झाले, कारण इमारतीवर बिगारी कामाला आणखी दोन बिऱ्हाडं आली आणि त्यांचीही पोरं होती. खिल्लारेंच्या घरी आंघोळ तीन दिवसांआड गेली. वहिनी राखेने भांडी घासू लागल्या. कढीपत्ता वाळला. मी वहिनींना म्हटलं, तुम्ही तरी सांगा. त्या म्हणाल्या, "लग्नात सात फेरे नसले घेतले तरी यांच्या रात्रीच्या सगळ्या फेऱ्या मलाच दिसतात, भाऊ. सांगून काय उपयोग? यांना सांगणारा कधीच गेला." ते मला कळलं नाही.

कळलं ते एप्रिलात. आम्ही टँकरची वाट पाहत लिंबाखाली उभे होतो. त्यांच्या हातांना कॅनच्या मुठींनी घट्टे पडले होते, सावलीत उभं राहूनही त्यांना दम लागत होता. मला राग आवरला नाही. मी म्हणालो, "सुभेदार, पुरे करा हा पोरखेळ. तिने गंमतीत टोपी घातली होती. मरायचंय का?"

ते रस्त्याकडे वळले. मग म्हणाले, "तुमच्या लासूरचंच पोरगं होतं. नवनाथ."

"कोण?"

"आमचा रंगरूट. लई वर होतो आमी, बरफात. पोष्टावर मोजकीच मानसं. पलटनीचा दिवस आला, तर रीत केली. टोपी त्याच्या डोक्यावर. मी हवालदार. ड्यूट्या मीच लावायचो. त्यानं मला हुकूम सोडला, 'हवालदार खिल्लारे, आज रात मेरी संतरी ड्यूटी तुम करोगे. मैं सोऊंगा.' लई हसलो. तेवढ्यात वारं सुटलं. तंबू धरायला समदे पळाले. 'वापस' म्हनायचं राहूनच गेलं."

ते थांबले. त्यांनी तळहातांवरचे घट्टे चोळले.

"अंधार पडल्यावर पोरगं माझ्याकडं आलं. म्हनलं, 'उस्ताद, माझा हुकूम?' मी म्हनलं, 'मजाक खतम. चल नीघ.' गेलं बिचारं. वारं इतकं, की बदलीचा मानूस पोचलाच नाय. सकाळी गेलो तर बसलेला व्हता. रायफल मांडीवर, दोनी हातांनी धरलेली. बोटं सोडवता येईनात." मग त्यांनी सवयीने बोट वर केलं. "त्यानं हुकूम वापस घेतलाच नाय, ड्राफ्समनसाहेब. मग तो संपंल कसा?"

इतकी वर्षं आम्ही ज्या ठक ठक आवाजावर सुखाने झोपत होतो ती ड्यूटी कुणाची होती, ते मला तेव्हा समजलं. टँकर आला. त्यांनी ड्रायव्हरसाबच्या हातात चहा दिला आणि पाइप धरायला गेले. त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला काही सांगितलं नाही, पण आमच्या ड्रमचं कुलूप काढून टाकलं. शेख भाभींनी आधीच काढलं होतं. आमच्या दोन घरांतून एकेक कळशी टोकाला जाऊ लागली. ती पुरत नव्हती, हे सगळ्यांना दिसत होतं.

मे महिन्यात, भर दुपारी, त्या चढावर खिल्लारे सायकलसकट पडले. कॅन फुटले, पाणी खडीत जिरलं. आम्ही उचललं तेव्हा अंग भट्टीसारखं तापलं होतं. दवाखान्यात चार दिवस ठेवलं. ऊन लागलंच होतं, पण हृदयही पार थकलं होतं. पलंगावरून उतरायचं नाही, या अटीवर घरी सोडलं. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी टँकरचा हॉर्न वाजला आणि ते उठून चपला शोधू लागले. वहिनींनी खांदे धरले, मी पाय धरले. बोरगावकर पाहायला आलेले, ते म्हणाले, "सुभेदार, अहो, जीव जाईल." खिल्लारे म्हणाले, "हुकूम हाय."

वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भाऊ, त्या बाईला बोलवा. दुसरं कुणी यांना थांबवायचं नाही."

सुमन धावत आली. हात सिमेंटने माखलेले. तिला काय करायचं ते वहिनींनी सांगितलं, आणि ती दारातच उभी राहिली. तिच्याकडून आपण काय मागतो आहोत ते तिला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं. बाहेर उन्हाळा अजून महिनाभर शिल्लक होता. ती बोरगावकरांकडे पाहत राहिली, बराच वेळ. बोरगावकरांनी मान खाली घातली. मग ते सावकाश चपला घालून निघून गेले.

सुमनने पदराला हात पुसले. खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली आणि पलंगासमोर येऊन उभी राहिली.

"सुभेदार."

"जी साब." ते पडल्या पडल्या ताठ झाले.

"पान्याचा हुकूम वापस."

"जी साब."

त्यांचे खांदे सैल पडले. डोळे मिटले. इतकं निवांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, हीच वेळ आहे. मी सुमनच्या कानाशी लागून सांगितलं, आणखी एक आहे, रात्रीच्या ड्यूटीचा, तोही म्हणून टाक. तिने काही विचारलं नाही. मोठ्याने म्हणाली, "आन् त्यो दुसराबी. रातीच्या ड्यूटीचा. त्योबी वापस."

खिल्लारेंनी डोळे उघडले. सुमनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागाने नाही.

"त्यो तुमचा नाय, साब," ते म्हणाले. "ज्यानं दिला त्यानंच घ्यायचा." आणि वहिनींना म्हणाले, "टॉर्चमधी सेल नवे टाक."

सुमन त्या दिवसापासून आमच्या दोन कळश्यांवर आणि खदानीच्या पाण्यावर राहिली. खदानीचं ती उकळून घेई, सरपण मिळालं तर. पोर जगलं. इमारत पूर्ण झाल्यावर ती माणसं दुसऱ्या साइटवर गेली, आणि त्या इमारतीत जे राहायला आले त्यांना घालायला टोपी उरली नव्हती. वहिनी ती बरोबर घेऊन नागपूरला मुलीकडे गेल्या.

खिल्लारे गेले त्या रात्री मी शहरात नव्हतो. खात्याच्या कामाने आटलेल्या तलावांची मोजणी करायला फर्दापूरच्या बाजूला निघालो होतो. संध्याकाळची बस होती. उन्हं कलली होती आणि खिल्लारेंच्या फाटकाशी कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची मांडली होती. ते तीत बसले होते. चालायची मनाई होती, बसायची नव्हती. टोपी नीट घातलेली, पायांत बूट, नाड्या बांधलेल्या. त्या वहिनींनी बांधल्या असणार, कारण त्यांना वाकता येत नव्हतं.

मी थांबलो. म्हणालो, "सुभेदार, आज तरी झोपा."

ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "व्हा पुढं, ड्राफ्समनसाहेब. ड्यूटीवर बोलत नसत्यात."

मी पुढे झालो. वळणावर मागे पाहिलं तेव्हा ते रस्त्याकडे नजर लावून बसले होते. टॉर्च मांडीवर आडवा होता, दोन्ही हातांनी धरलेला.